नगावरची मजुरी आणि पडद्यावरचे बक्षीस

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांस व्हिडिओ गेमवर बोलण्यास सांगितले, तेव्हा प्रथम ती थट्टाच वाटली. आमची हयात कामगारांच्या सभा, दरपत्रके आणि तडजोडीच्या बैठका ह्यांत गेली. कॉलेजची पायरी आम्ही चढलो ती तिथल्या शिपायांची युनियन बांधण्यासाठी. पण वाचू लागलो तसे ध्यानात आले की, खेळणाऱ्याला पडद्यापुढून उठू न देणारी ही युक्ती आमच्या चांगल्या ओळखीची आहे. मजुरीच्या तक्त्यात आम्ही ती पाहिलेली आहे.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, हार्वर्ड विद्यापीठात. बी. एफ. स्किनर हा तरुण संशोधक उंदरांवर प्रयोग करीत होता. एक पेटी, तीत एक दांडी. उंदराने दांडी दाबली की खाद्याची गोळी पडे. ह्या गोळ्या स्किनर स्वतः एका हातयंत्रावर वळीत असे, आणि ते काम मोठे कंटाळवाणे होते. एका शनिवारी दुपारी त्याने हिशेब केला, तर गोळ्या सोमवार सकाळपर्यंतच पुरणार. उरलेली दुपार गोळ्या वळण्यात घालवायची काय? त्यापेक्षा प्रत्येक वेळी गोळी द्यावयाची गरजच काय, मिनिटाला एक दिली तर? त्याने तसे केले. उंदीर दांडी दाबीतच राहिले! ही हकीकत त्याने स्वतःच १९५६ साली लिहून ठेवली आहे. ती वाचून आम्हांस हसू आवरेना. देणाऱ्याने हात आखडला तरी काम थांबत नाही, हा शोध आमच्याकडच्या मालकांना पुष्कळ आधी लागलेला होता.

पुढे १९५७ साली स्किनर आणि त्याचा सहकारी चार्ल्स फर्स्टर ह्यांनी कबुतरांवरील प्रयोगांचा एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. बक्षीस किती मोठे ह्यापेक्षा ते कोणत्या क्रमाने हाती पडते, ह्याचाच त्यात विचार आहे. त्यातल्या दोन तऱ्हा श्रोत्यांनी नीट समजून घ्याव्यात. पहिलीत टोचांची संख्या ठरलेली असते. समजा, पन्नास टोचांना एक दाणा. कबूतर झपाट्याने टोचते, दाणा खाते आणि मग थोडे थांबते. दुसरीत सरासरी तीच, पण दाणा कधी पाचव्या टोचेला, कधी शंभराव्या. इथे कबूतर जवळजवळ थांबतच नाही. आणि दाणे बंद केले तरी बराच काळ टोचत राहते. पहिल्या तऱ्हेला स्किनरने कारखान्यातील नगावरच्या मजुरीची उपमा दिली, दुसरीला जुगाराच्या यंत्राची.

दोहोंतला फरक जो थोडासा थांबण्याचा, तोच आम्हांस फार मोलाचा वाटतो. हजारावर मजुरी घेणारी विडी कामगार बाई पाहा. हजार पुरे झाले की ती पाठ सरळ करते, पाणी पिते, पोराला जवळ घेते, मग पुन्हा सुपाकडे वळते. ही पद्धत आम्हांस कधीच आवडली नाही. तिने माणसे पिळून निघतात. पण तिच्यात आकडा ठाऊक असतो. ठाऊक असलेल्या आकड्यावर भांडता येते, संप करता येतो. इंग्लंडमध्ये १८९१ च्या कारखाना कायद्याने कापड धंद्यातील नगावरच्या कामगारास दराचा व कामाचा तपशील लेखी देणे बंधनकारक केले. तो तपशील मिळवणे हे विणकरांच्या संघटनांचे मोठेच यश होते. जुगाराच्या यंत्रात असा तपशील नसतो. आमच्या गिरणगावात दिवसा नगावर राबणारा विणकर संध्याकाळी मटक्याचा आकडा लावी. दिवसाचा हिशेब त्याला तोंडपाठ असे, संध्याकाळचा कधीच नाही.

आता खेळांकडे येऊ. आमच्या तरुणपणी गावात एक व्हिडिओ पार्लर निघाले होते. रुपयाचे नाणे टाकायचे आणि पडद्यावरची राक्षसी जहाजे पाडायची. ठराविक गुण झाले की एक ‘लाईफ’ जादा मिळे. हे सरळ नगाचे काम होते! नाणे संपले की खेळ संपला, पोरगा घरी गेला. १९७८ चा जपानी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ त्या दिवशीचा सर्वांत मोठा गुणांक पडद्यावर दाखवी, आणि तेवढ्या चुरशीवर पोरे नाणी ओतीत. पण त्यात हाताचे कसब लागे. ते कसब आम्ही कमी लेखीत नाही.

पुढे खेळ घरात आला, मग इंटरनेटवर गेला, आणि त्याला शेवटच राहिला नाही. २००१ साली जॉन हॉप्सन ह्या वर्तनशास्त्राच्या अभ्यासकाने खेळ रचणाऱ्यांसाठी एक लेख लिहिला. बक्षीस ठराविक संख्येने दिले तर खेळाडू कोठे थांबतो, अनिश्चित दिले तर कसा खेळत राहतो, हे त्यात उंदराच्या पेटीच्याच परिभाषेत सांगितले होते. आता हे उघड शास्त्र झाले. राक्षस मारला तर तलवार मिळेलही, न मिळेलही. रोज हजेरी लावली तर नाणी मिळतील. एक दिवस चुकला की मालिका तुटली.

सर्वांत पुढे गेले जपानी. तिकडे नाणे टाकून बंद डबीतले खेळणे काढण्याची यंत्रे असतात. त्यांवरून फोनवरच्या अशा खेळांना ‘गाचा’ नाव पडले. त्यातलाच एक प्रकार असा की, नशिबाने निघणारी सगळी चित्रे जमवली तरच मोठे बक्षीस. आता हे पाहा: दहातली नऊ जमली की दहावे निघण्याची शक्यता सर्वांत कमी, आणि सोडून देण्याचे दुःख सर्वांत जास्त. २०१२ साली जपानच्या ग्राहक व्यवहार खात्याने हा प्रकार बेकायदा ठरवला. २०१७ पासून चीनने, कोणती वस्तू किती वेळा निघते ते जाहीर करण्याची सक्ती केली. ही सक्ती आणि १८९१ चा तो कायदा ह्यांत आम्हांस एकच आवाज ऐकू येतो. बेल्जियमने २०१८ साली अशा विकतच्या बंद पेट्यांना सरळ जुगारच म्हटले.

कोणी म्हणेल, माणूस म्हणजे उंदीर नव्हे. खरे आहे. माणूस मित्रांसाठी खेळतो, कसबासाठी खेळतो, कंटाळा घालवण्यासाठीही खेळतो. आणि उंदराला संप करता येत नाही. प्रत्येक खेळणारे पोर बिघडले असेही आम्ही मानीत नाही. पण ज्याला दिवसभराच्या कामात शाबासकी मिळत नाही, त्याला पडद्यावरची शाबासकी गोड लागणारच. त्याबद्दल त्याच्यावर डाफरणाऱ्या आईबापांनी आधी त्याचे काम जाऊन पाहावे.

कारण हे वळण आता पुन्हा कामाकडेच फिरले आहे. २०१७ साली न्यूयॉर्क टाइम्सने उबर कंपनीविषयी सविस्तर वृत्तान्त छापला. चालक घरी निघू लागला की फोनवर संदेश येई: अमुक रकमेला फक्त दहा डॉलर कमी आहेत, खरेच थांबता? एक भाडे उतरण्यापूर्वीच पुढचे समोर येई. कबुतराची ती थोडीशी विश्रांती इथेही काढून घेतली.

मागच्या पावसाळ्यात जेवणाचे डबे पोचवणारा एक मुलगा आमच्या कार्यालयात आला. वीस फेऱ्या झाल्या की जादा पैसे. त्याच्या एकोणीस झाल्या होत्या, आणि दोन तास विसावी येत नव्हती. “काका, ही मुद्दाम अडवतात का हो?” त्याने विचारले. आम्हांस सांगता येईना, कारण फेऱ्या कशा वाटल्या जातात ते कोठेच लिहिलेले नाही. आम्ही अर्ज लिहावयास घेतला. पहिली मागणी हीच, की वाटणीचा नियम लेखी द्यावा. तीन ओळी झाल्या नाहीत तोच त्याचा फोन वाजला. चहाचा कप तसाच ठेवून तो पावसात निघून गेला. अर्जावर त्याची सही अजून व्हावयाची आहे.