निवासी बालगृह : कर्मचाऱ्यांवरील देखरेख आणि मुलांचा दिवस

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, सोमाटणे फाट्यापासून जवळच परंदवडी हे गाव आहे. तळेगाव दाभाडे, सोमाटणे, परंदवडी या पट्ट्यात शहराची सोय आहे आणि शहराचा गोंगाट नाही. लेकरांसाठी निवासी संस्था उभारावी असे ज्यांच्या मनात येते, त्यांचे लक्ष अशा जागांकडे जाते. हवा चांगली, जमीन मोकळी, शाळाही फार लांब नाहीत. मात्र गावाबाहेरच्या शांत जागेची दुसरी बाजू अशी की, तेथे पाहणारे डोळेही कमी असतात. म्हणून अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांवरील देखरेख हा कारभाराचा एक भाग नसून कामाचा गाभाच ठरतो. धर्मग्रामातील अनेक बंधुभगिनी अशा संस्थांना देणगी देतात, काहीजण तेथे नोकरीही करतात. त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

प्रथम एक फरक ध्यानात घ्यावा. आईवडील शिक्षणासाठी मूल ठेवतात ते वसतिगृह. बालकल्याण समितीच्या आदेशाने निराधार वा संकटग्रस्त मूल ज्या संस्थेत येते, ते बालगृह. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ अन्वये बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. 'आमचे कार्य सेवेचे आहे, आम्हांला नोंदणी कशाला?' हा युक्तिवाद पूर्वी आपल्याही लोकांकडून ऐकू येई. तो कायद्याला मान्य नाही, आणि आमच्या मते शुभवर्तमानालाही मान्य होण्यासारखा नाही.

या कार्यात ख्रिस्तसभेचा अनुभव जुना आहे. संत जॉन बॉस्को यांची आई मार्गारिटा १८४६ च्या नोव्हेंबरमध्ये गाव सोडून तुरीन शहरातील वाल्दोक्को येथे आली आणि दहा वर्षांनी मृत्यू येईपर्यंत परक्यांच्या मुलांचे कपडे शिवत, त्यांना जेवू घालत राहिली. आजच्या भाषेत ती गृहमाताच. १८७७ साली डॉन बॉस्को यांनी आपल्या पद्धतीविषयी लहानसा निबंध लिहिला. विवेक, धर्मश्रद्धा आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार. शिक्षा करण्याची वेळच येऊ नये इतके मोठ्यांनी मुलांमध्ये असावे, हे तिचे सूत्र. १८८४ च्या मे महिन्यात रोमहून पाठविलेल्या पत्रात त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांविषयी खंत व्यक्त केली की, खेळाच्या वेळी पूर्वीसारखे ते मुलांत मिसळत नाहीत. मुंबईत येशूसंघीयांनी १९६२ साली सुरू केलेल्या 'स्नेहसदन'ने एका मोठ्या इमारतीऐवजी लहान घरे आणि घरातील पालक ही रीत स्वीकारली. वडाळ्याचे सालेशियन संघाचे 'शेल्टर' १९८७ पासून रस्त्यावरील मुलांसाठी कार्य करीत आहे.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श नियमांत शंभर मुलांच्या संस्थेसाठी कर्मचाऱ्यांचा नमुना दिलेला आहे : अधीक्षक, परिविक्षा वा बालकल्याण अधिकारी, समुपदेशक, परिचारिका, स्वयंपाकी वगैरे. त्यात गृहमाता-गृहपिता चार. शंभर लेकरे आणि चार माणसे, त्यांतही पाळ्या, रजा, आजारपण! कागदावरील हे प्रमाण पुरेसे मानणाऱ्याने एक रात्र बालगृहात काढून पाहावी. मुलींच्या संस्थेत अधीक्षक व कर्मचारी स्त्रियाच असाव्यात, असाही नियम आहे. प्रत्येक मुलामागे शयनगृहात चाळीस चौरस फूट जागा अपेक्षित आहे.

दिवसाचे वेळापत्रक बहुधा सर्वत्र सारखेच असते : पहाटे उठणे, प्रार्थना, साफसफाई, न्याहारी, शाळा, खेळ, अभ्यास, जेवण, झोप. हे वेळापत्रक मुलांच्या समित्यांशी विचारविनिमय करून ठरवावे व दर्शनी भागात लावावे, असे नियम सांगतात. प्रार्थनेची सक्ती अन्य धर्मीय मुलांवर करू नये, हे वेगळे सांगायला नको. मावळातला पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ठाऊक असेल की, जुलैत गणवेश वाळत नाहीत, अंथरुणे ओलसर राहतात आणि एकाला झालेली खरूज आठवड्याभरात साऱ्या खोलीला होते. अशा दिवसांत काळजीवाहकाचा संयम सुटतो. चांगला अधीक्षक तेव्हा उपदेश करीत नाही. तो कपडे वाळविण्यासाठी शेडची सोय करतो आणि थकलेल्या माणसाला सुटी देतो.

आम्ही तरुण असताना एका वसतिगृहात काही महिने मदतनीस होतो. तेथील एका कर्मचाऱ्याने अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला ती सतरंजी खांद्यावर घेऊन सर्वांसमोर उभे केले होते. आम्ही पाहिले, पण तो कर्मचारी वयाने मोठा म्हणून गप्प राहिलो. त्या मुलाने आमच्याकडे एकदाच पाहिले होते. आज अशा शारीरिक शिक्षेला कलम ८२ लागू होते : पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड, पुन्हा घडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा दंड वा दोन्ही, शिवाय नोकरीवरून बडतर्फी. कायदा झाला, परंतु गप्प राहणारे आजही असतातच.

म्हणून देखरेखीचा अर्थ हजेरीपट तपासणे एवढाच नव्हे. नेमणुकीपूर्वी पोलीस पडताळणी आणि जुन्या मालकाकडे चौकशी करावी, मग ओळख कितीही जुनी असो वा शिफारस खुद्द धर्मगुरूंची असो. बंद दाराआड एक मोठा आणि एक मूल अशी वेळ येऊ नये. रात्रपाळी एकट्यावर सोपवू नये. पाळी बदलताना नोंदवही वाचून सही करावी. प्रत्येक कर्मचाऱ्याशी अधीक्षकाने महिन्यातून एकदा निवांत बोलावे. मुले मनातले बहुधा स्वयंपाकीण मावशींना सांगतात, तेव्हा त्यांनाही बैठकीत बसवावे. आणि पगार! 'सेवा' या शब्दाखाली अपुरे वेतन देणे हा आपल्या संस्थांचा जुना दोष आहे. वर्षभरात सोडून जाणारी गृहमाता मुलाच्या दृष्टीने सोडून गेलेली आणखी एक आई असते.

तक्रारपेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ असावी व तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी, असा दंडक आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पॉक्सो अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद वसतिगृहांसही लागू आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने धर्मगुरू व व्रतस्थांनाही अशी माहिती ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना देणे बंधनकारक केले, आणि देशाच्या कायद्याचे कर्तव्य त्याने कमी होत नाही.

वाढदिवसाला केक घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना एक विनंती. मुलांची छायाचित्रे काढून प्रसिद्ध करू नयेत. कलम ७४ नुसार त्यांची ओळख उघड करणे गुन्हा आहे. भेटीची वेळ आधी ठरवावी, अभ्यासाच्या तासाला जाऊ नये. मूल संकटात दिसल्यास १०९८ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाचे साहाय्य मिळू शकते. त्यांना भाड्याची खोली वा पहिली नोकरी मिळवून देणारी ओळख धर्मग्रामात कोणाची ना कोणाची असतेच. केकपेक्षा तिची गरज त्यांना अधिक असते.