एका उत्तराची दुरुस्ती

‘प्रबोधनाची कारणे लिहा’ हा प्रश्न आणि त्याचे उत्तर ही जोडी माझ्या जिभेवर इतकी बसली आहे, की झोपेतून उठवले तरी मी ती घडाघडा म्हणून दाखवीन. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले. तेथील ग्रीक पंडित जुन्या पोथ्या काखोटीला मारून इटलीत पळाले. त्या पोथ्यांमुळे विद्येचे पुनरुज्जीवन झाले आणि झोपलेला युरोप जागा झाला! उत्तर मोठे सुटसुटीत आहे. त्यात सन आहे, कारण आहे, परिणाम आहे, आणि कादंबरीकाराला भुरळ पडावी असा प्रसंगही आहे. मी ते वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आणि मुले ते उतरवून घेऊन पुरते गुण मिळवीत आली.

एके दिवशी वर्गात एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, पेत्रार्क १३७४ साली वारला असं तुम्ही काल सांगितलंत. मग १४५३ नंतर आलेल्या पोथ्या त्यानं कशा वाचल्या?”

मी तिला “खाली बस, पुढे येईल ते,” असे म्हणालो. वाचकहो, पुढे काहीच येणार नव्हते. तास संपल्याची घंटा त्या दिवशी मला फार गोड वाटली. पण घरी आल्यावर मन खाऊ लागले, आणि वीस वर्षांत प्रथमच मी माझे स्वतःचे उत्तर तपासावयास बसलो.

पहिला धक्का तारखांनीच दिला. पेत्रार्कला व्हेरोना येथे सिसेरोची विस्मृत पत्रे सापडली ती १३४५ साली. सालुताती हा फ्लॉरेन्सचा मुख्य चिटणीस; त्याच्या खटपटीने क्रिसोलोरस हा ग्रीक पंडित नगराच्या पगारावर ग्रीक शिकवावयास आला तो १३९७ साली. ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चवर तो प्रचंड घुमट उभारला तो १४२० ते १४३६ या काळात. म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपल पडण्यापूर्वीच घर बांधून झाले होते. आणि पहिला मोठा ग्रीक गुरू निर्वासित म्हणून नव्हे, आमंत्रित म्हणून आला होता.

मग ध्यानात आले, की खरा प्रश्न पोथ्या कोठून आल्या हा नव्हेच. पेत्रार्कजवळ होमरची मूळ ग्रीक पोथी होती. ती त्याला वाचता येत नसे; तो ती उराशी धरी आणि उसासे टाकी. लॅटिन पोथ्या तर युरोपातच मठांतून धूळ खात होत्या. १४१७ साली पोज्जो नावाच्या पोपच्या एका लेखनिकाने लुक्रेशियसचे काव्य जर्मनीतल्या एका मठातून हुडकून काढले. ज्या युगाला आपण ‘अंधारयुग’ म्हणून हिणवतो, त्यातल्याच भिक्षूंनी नवव्या शतकात नकला करून ठेवल्या नसत्या, तर पोज्जोला शोधावयास काय उरले असते? आणि ॲरिस्टॉटलचे बरेचसे ग्रंथ तर त्याआधी अरबी पंडितांच्या भाष्यांसह स्पेनमधून लॅटिनमध्ये उतरले होते. विहिरीत पाणी होते. ते शेंदण्याइतकी तहान इटलीलाच का लागली, हे सांगावयास हवे.

आपल्याकडे म्हणतात, लक्ष्मी आणि सरस्वती एका घरी नांदत नाहीत. फ्लॉरेन्सने ही म्हण खोटी पाडली. हे लोकरीचे आणि सावकारीचे गाव. त्याने १२५२ साली पाडलेले फ्लोरिन हे सोन्याचे नाणे साऱ्या युरोपात चाले. गावाला राजा नव्हता. व्यापारी संघांतले लोकच कारभार पाहत. अशा गावाला करारनामे, दस्तऐवज, परराज्यांना पाठवावयाचे खलिते लागतात. आणि ते सारे लॅटिनमध्ये लिहावयाचे. तेव्हा जो सिसेरोसारखे लिहील त्याला मान आणि पगार. सालुतातीचे सिसेरोप्रेम त्याच्या कचेरीच्या कामाशी असे जोडलेले होते.

व्हिलानी नावाच्या बखरकाराने १३३८ च्या सुमाराच्या फ्लॉरेन्सचे आकडे दिले आहेत. आठ ते दहा हजार मुलगे-मुली वाचावयास शिकत. हजार ते बाराशे मुलगे सहा शाळांतून हिशेब शिकत. साडेपाचशे ते सहाशे चार मोठ्या शाळांतून लॅटिन व्याकरण आणि तर्क शिकत. हे आकडे फुगवलेले असावेत असे काही अभ्यासक म्हणतात. निम्मे धरले तरी त्या काळी ते थक्क करणारेच आहेत. मास्तर म्हणून माझे डोळे तेथेच अडकले. घुमटाच्या आधी, चित्रांच्या आधी, या शाळा होत्या.

आणि त्या हिशेबाच्या शाळांतून शिकवीत काय? आपले अंक! पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२ साली ग्रंथ लिहून ‘हिंदूंचे अंक’ इटलीला समजावून दिले. ते त्याला अरबांकडून मिळाले होते. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने वहीखात्यांत हे अंक वापरण्यास बंदी घातली. तरी अखेर वहीत शिरले ते अंकच. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वहीला हळदकुंकू वाहताना मला आता त्या परक्या गावातल्या वह्या आठवतात.

पण पैसा फ्लँडर्सलाही होता आणि पंडित पॅरिसलाही होते. इटलीजवळ आणखी एक गोष्ट होती : जुने रोम तिच्या पायाखालीच होते. शेतात नांगर अडे तो रोमन दगडाला. सिसेरो हा इटालियन माणसाला परका ग्रंथकार नव्हता, घरातला विस्मरलेला पणजोबा होता.

काहीजण १३४८ च्या महामारीला कारण मानतात. त्या साथीत फ्लॉरेन्सची निम्म्याच्या आसपास माणसे गेली. आकडे लिहिता लिहिता व्हिलानीही गेला. अशा मृत्यूने माणसाला इहलोकाची किंमत कळली असेल. पण तीच साथ पॅरिसला होती, कैरोलाही होती. तेथे तेच फळ आले नाही. तेव्हा तिला एकटीला कारण म्हणता येत नाही.

मग १४५३ चे काय? ते पुसून टाकावे काय? तसेही नव्हे. विद्येला यापूर्वीही बहर आले होते : शार्लमेनच्या दरबारी एक, बाराव्या शतकात दुसरा. ते ओसरले. हा बहर टिकला, कारण गुटेनबर्गचे छापील बायबल १४५५ च्या सुमारास निघाले आणि १४६५ साली छापखाना इटलीत पोचला. बेसारिऑन हा मूळचा ग्रीक धर्मगुरू. कॉन्स्टॅन्टिनोपल पडल्यावर त्याने ग्रीक पोथ्या ध्यास घेऊन जमविल्या आणि १४६८ साली त्या व्हेनिसला दान केल्या. पुढे त्याच व्हेनिसमध्ये आल्दुसने ग्रीक पंडित हाताशी धरून ग्रीक ग्रंथ छापले. निर्वासितांचे ऋण आहे ते येथे. त्यांनी दिवा लावला नाही. लागलेल्या दिव्यात तेल घातले.

आणि गंमत अशी, की या युगाला ‘पुनर्जन्म’ हे नाव मागाहून मिळाले. वासारीने १५५० साली कलेच्या पुनर्जन्माची गोष्ट लिहिली. साऱ्या युगाला ते नाव चिकटवले मिशेलेने १८५५ मध्ये आणि बुर्कहार्टने १८६० मध्ये. पेत्रार्कला तर आपण कोणत्या युगाच्या दाराशी उभे आहो हे ठाऊकच नव्हते.

हे सारे मी वर्गात सांगितले. आधी मात्र, त्या दिवशी मला उत्तर येत नव्हते म्हणून मी तुला खाली बसवले, हे सर्वांसमोर त्या मुलीला सांगितले. व्हिलानीच्या यादीतल्या मुली वाचावयास शिकत, पण हिशेबाच्या आणि लॅटिनच्या शाळांपाशी तो फक्त मुलग्यांचेच नाव घेतो. तिला बसवताना मीही त्याच दारावरचा पहारेकरी झालो होतो.

ती म्हणाली, “पण सर, परीक्षेत काय लिहू?”

मी विचारात पडलो. तिचे गुण जावेत असे मला वाटत नव्हते, आणि खोटे लिहावे असेही वाटत नव्हते. शेवटी जुनेच उत्तर फळ्यावर लिहिले आणि त्यातली दोनच क्रियापदे बदलली. ‘पुनरुज्जीवन झाले’ याच्या जागी ‘आधीच सुरू झालेल्या पुनरुज्जीवनाला बळ मिळाले’ असे लिहिले. आणि ‘झोपलेला युरोप जागा झाला’ हे वाक्य पुसून टाकले.

तिने ते उतरवून घेतले. मग वही पुढे करून म्हणाली, “सर, खाली थोडी जागा ठेवते. आणखी काही सापडलं तर सांगा.”