काटे, कटलेट आणि पैनगंगेचा कतला

यवतमाळच्या मासळी बाजारात साल्मन मिळत नाही, आणि मिळण्याचे काही कारणही नाही. थंड मुलखातल्या नदीत जन्मायचे, समुद्रात वाढायचे आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परतायचे, असा त्या माशाचा जीवनक्रम. तरीही दूरदर्शन वाहिन्यांवरच्या पाककृतींमुळे साल्मनच्या टिक्क्यांचे नाव आपल्याही घरांत पोचले आहे आणि गृहिणी विचारतात, त्याला पर्याय काय? मुंबईकडचे पाहुणे सांगतात, रावस घ्या, त्यालाच 'इंडियन साल्मन' म्हणतात. हे नाव फसवे आहे. रावसाचा आणि साल्मनचा काडीचाही नातेसंबंध नाही. इंग्रजांना आपल्या घरची आठवण आली की ते इथल्या वस्तूंना तिथली नावे देत. आपल्या नद्यांतल्या महसीर माशालाही शिकारी साहेबांनी साल्मनच्याच पंक्तीला बसवले होते.

पण या निमित्ताने एक वेगळी गोष्ट सांगण्यासारखी आहे. मासा शिजवायचा, काटे काढायचे, चुरा मळून त्याच्या चपट्या वड्या थापायच्या आणि तव्यावर थोड्या तेलात खरपूस करायच्या, ही कल्पना आली कुठून? आणि आपल्या जिल्ह्यात तिचा उपयोग काय?

साल्मनची टिक्की हा मुळात काही श्रीमंती पदार्थ नव्हे. तो डब्यातल्या माशाचा पदार्थ आहे. १८६४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीवर ह्यूम बंधू आणि त्यांचा सहकारी हॅपगुड यांनी साल्मन डब्यात भरण्याचा कारखाना काढला. दोनच वर्षांत ते उत्तरेला कोलंबिया नदीवर गेले आणि तिथून हा धंदा थेट अलास्कापर्यंत पसरला. डबा स्वस्त होता, टिकाऊ होता. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतल्या गरीब घरांनी एका डब्यात बिस्किटांचा चुरा नाहीतर मक्याचे पीठ मिसळून सगळ्या कुटुंबाचे जेवण भागवले. यात एक बारीक गोम आहे, ती ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल. डबा बंद केल्यावर तो दाबाखाली, उकळत्या पाण्याहून अधिक तापमानावर शिजवतात. त्यामुळे माशाचे काटे इतके मऊ होतात की ते बोटांनी चुरडून मांसातच मिसळता येतात.

हे डबे हिंदुस्थानातही आले. साहेबांच्या मेजवान्यांत डबाबंद मालाचा इतका सोस होता की १८७८ साली मद्रासेत कर्नल केनी-हर्बर्ट यांनी 'वायव्हर्न' या टोपणनावाने पाकशास्त्राचे पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांना आपल्याच बांधवांचे कान उपटावे लागले. बाजारात ताजे जिन्नस असताना डबे कशाला फोडता, असा त्यांचा रोख होता. गृहस्थ लष्करातले, पण जिभेचे शहाणे.

'कटलेट' हा शब्द तर गमतीचा आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान बरगडी, म्हणजे हाडासकट असलेला मांसाचा तुकडा. आपल्याकडच्या खानसाम्यांच्या हाती पडल्यावर हाड गेले, खिमा आला, बटाटा आला, वरून पावाचा चुरा आला. बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. तेव्हा यवतमाळचा कापूस बैलगाड्यांनी धामणगाव स्टेशनावर जाई. पुढे मूर्तिजापूरहून आपली शकुंतला थेट गावात आली. ती आता बंद आहे. कटलेट रुजला तो अशाच गाड्यांच्या, स्टेशनावरच्या उपाहारगृहांच्या आणि अधिकाऱ्यांच्या क्लबांच्या वाटेने.

म्हणून माशाची वडी परकी ठरते का? मला तसे वाटत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे, इसवी सन ११३० च्या सुमाराचा. राजाने कसे जगावे, याचा तो कोशच. त्यात मासे कोणते, त्यांना चारा काय घालावा, गळ कसा टाकावा इथपासून ते माशाच्या स्वयंपाकापर्यंत सगळे आहे. माशाचे तुकडे स्वच्छ धुवावेत, चिंचेचा कोळ लावावा, गव्हाचे पीठ भुरभुरावे आणि तापल्या तेलात तांबूस होईतो तळावेत. वरून सैंधव, वेलची आणि मिरपूड घालावी, असा त्यातल्या एका कृतीचा आशय आहे. दख्खनमध्ये पिठाचे कवच आणि चिंचेचे आंबट हे दोन्ही नऊशे वर्षांपूर्वी माशाला ठाऊक होते. मिरची आणि बटाटा तेवढा नव्हता.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. वर्धा आणि पैनगंगा या जिल्ह्याच्या सीमेवरच्या नद्या. आत अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा. या साऱ्या पाण्याचा शेवट गोदावरीत. दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय नोंद प्रथम नीट केली ती कर्नल साइक्स या मुंबई सरकारच्या अधिकाऱ्याने. १८३९ च्या सुमारास त्याचे लेखन प्रसिद्ध झाले. त्याने कित्येक माशांना स्थानिक नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. खुद्री, कोळस, नकटा हे शब्द आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत आहेत. ते त्याला कोणी सांगितले? पाण्यात उभ्या असलेल्या कोळ्या-भोयांनीच सांगितले असणार. त्यांचे नाव मात्र कुठे नाही.

भोई आणि ढिवर समाजाविषयी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींच्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. मासे धरणे, पालखी वाहणे, घरोघर पाणी भरणे, तळ्यात शिंगाडे लावणे ही त्यांची कामे. यातली पालखी रस्त्यांनी आणि मोटारींनी संपवली, पाणी भरणे नळाने संपवले. मासे तेवढे राहिले, पण तेही पूर्वीचे राहिले नाहीत.

कारण मध्येच धरणे आली. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. त्याच काळात, १९७१ मध्ये, पूस नदीवर धरण झाले; पैनगंगेवर इसापूरचे धरण १९८२ मध्ये पुरे झाले. एवढे मोठे साठलेले पाणी या जिल्ह्याने आधी कधी पाहिले नव्हते. त्यात सोडायला मासा हवा, आणि रोहू-कतला तर साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यासाठी पूर्वी बंगालच्या नद्यांतून बीज गोळा करून मडक्यांत भरून रेल्वेने देशभर पाठवत. ही अडचण दूर केली हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी अलिकुन्ही यांनी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे माशाच्या मेंदूजवळच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी तळ्यातल्या माशाकडून अंडी मिळवली. हा दिवस आज देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्याच सुमारास बँकॉकहून सायप्रिनस आला, १९५९ मध्ये जपानहून चंदेरा आणि हाँगकाँगहून गवत्या मासा आला. गंगेचा रोहू इसापूरच्या पाण्यात वाढू लागला तो या सगळ्यामुळे.

उत्पादन वाढले, हे खरेच. पण प्रवाहात राहणाऱ्या, वर चढून अंडी घालणाऱ्या जुन्या जातींना भिंत आडवी आली, याचा हिशेब आपण फारसा मांडत नाही. आणि ज्यांच्या हाती जाळे आहे त्यांच्यापुढे एक साधी अडचण उभी राहिली. रोहू, कतला, मृगळ या माशांच्या मांसात दुबेळक्यासारखे बारीक काटे विखुरलेले असतात. मरळीत ते नसतात. म्हणून मरळ महाग आणि हातोहात खपणारी. मुले काट्याला भितात, नोकरदारांना निवडत बसायला वेळ नसतो, आणि मोठ्या कतल्याचे चार तुकडे गेले की शेपटीकडचा भाग आणि लहान मासे टोपलीत राहतात. संध्याकाळी ते मिळेल त्या भावात द्यावे लागतात. टिक्कीचा खरा उपयोग इथे आहे.

ती गोम आता कामाला येते. डब्यातल्या साल्मनचे काटे मऊ करणारी युक्ती आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. तिचे नाव प्रेशर कुकर. शेपटीकडचा कतला किंवा लहान रोहू घ्या, खवले काढून धुवा, हळद, मीठ आणि चिंचेचा थोडा कोळ लावा आणि वाटीभर पाणी घालून कुकरमध्ये शिट्टी झाल्यावर मंद आचेवर पाऊण तास ठेवा. एरवी मासा इतका शिजवणे हा गुन्हाच, पण इथे तोच मुद्दा आहे. मांसातले बारीक काटे मऊ होतात. कणा आणि बरगड्यांचे जाड काटे हातानेच काढायचे. लहान मुलांसाठी करत असाल तर चुरा बोटांनी दोनदा चाचपून बघा, आळस नको.

चुरा फडक्यात घट्ट पिळा. पाणी राहिले की टिक्की तव्यावर फुटते, बहुतेकांची फसगत इथेच होते. अर्धा किलो चुऱ्याला दोन मध्यम उकडलेले बटाटे पुरतात. बटाटा जास्त झाला की तो बटाटेवड्याचा भाऊ होतो. बारीक कांदा, आले-लसूण, हिरवी मिरची, सांभार. अंडे चालत असेल तर एक घाला. पावाच्या चुऱ्याऐवजी मी ज्वारीचे पीठ आणि रवा निम्मा-निम्मा घेते. कवच अधिक कुरकुरीत होते. टिक्क्या बोटभर जाड थापून अर्धा तास गार जागी ठेवा. मग बिडाच्या तव्यावर चार चमचे तेल, मध्यम आच, आणि खालची बाजू स्वतः सुटेपर्यंत उलथने लावायचे नाही.

कुकरमधले पाणी फेकू नका. त्याला आंबाडीचा पाला आणि लसणाची फोडणी दिली की भाकरीबरोबर ओरपायला रस्सा तयार होतो, आणि टिक्क्या होईपर्यंत घरातली माणसे स्वयंपाकघरात डोकावत नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)