सह्याद्रीने मागे ठेवलेली संस्था

१९६२ साली 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' म्हणून यशवंतराव दिल्लीला गेले, एवढे आम्हाला पाठ. पण ते संरक्षणमंत्री असताना १९६५ मध्ये तिथे संरक्षण अभ्यास व विश्लेषण संस्था निघाली, हे मला फार उशिरा कळले.

के. सुब्रह्मण्यम १९६८ मध्ये तिचे संचालक झाले. भारताने अण्वस्त्रांचा पर्याय सोडू नये, असे ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले. १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले. पुढच्याच वर्षी अणुधोरणाचा मसुदा करणाऱ्या मंडळाचे निमंत्रक तेच! 'पहिला वार आपण करणार नाही' हे त्यातलेच.

अभ्यासकाचा कागद असा तीस वर्षांनी धोरण होतो. त्याला मते मागावी लागत नाहीत. म्हणून तो कागद आपण वेळीच वाचायला हवा, असे मला वाटते.