हृदयविराम नलिका
हृदयविराम नलिका : उघड्या हृदयावरील शस्त्रक्रियेत हृदयाचे स्पंदन थांबविणारा व त्याच्या स्नायूंचे रक्षण करणारा द्रव (कार्डिओप्लेजिया) हृदयापर्यंत पोहोचविणारी नलिका. शस्त्रक्रिया चालू असता हृद्‌-फुप्फुस यंत्र शरीराचे अभिसरण सांभाळते. परंतु महारोहिणीला चिमटा लावताच खुद्द हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो.

डेनिस मेलरोझ यांनी लंडनमध्ये १९५५ साली पोटॅशियम सायट्रेटाने हृदय थांबविण्याची पद्धत मांडली. त्या तीव्र विद्रावाने स्नायूंना इजा होते असे आढळल्याने ती मागे पडली. १९७० नंतर सौम्य विद्राव रूढ झाले. द्रव कसा असावा यावर पुष्कळ संशोधन झाले. त्या मानाने तो कोणत्या वाटेने द्यावा, हा प्रश्न उपेक्षितच राहिला.

नेहमीची वाट महारोहिणीच्या मुळातून हृद्‌रोहिण्यांत जाते. महारोहिणीची झडप गळकी असल्यास द्रव डाव्या निलयात उतरतो. मग महारोहिणी उघडून प्रत्येक हृद्‌रोहिणीच्या मुखात नलिका धरावी लागते आणि त्या मुखाला इजा होऊन ते पुढे अरुंद होण्याचा धोका असतो. रोहिणी तुंबलेली असल्यास, ज्या भागाला द्रवाची सर्वांत अधिक गरज तेथेच तो कमी पोहोचतो.

उलटी वाट नीलांची. हृदयाला नीलांतूनही पोषण मिळू शकते, हे एफ्. एच्. प्रॅट यांनी १८९८ मध्ये प्राण्यांच्या हृदयावर दाखविले होते. सी. डब्ल्यू. लिलेहाय यांनी मिनेसोटात १९५६ मध्ये झडपेच्या शस्त्रक्रियेत हृदयाच्या नीलाविवरातून उलट दिशेने रक्त सोडले. तथापि ही वाट दीर्घकाळ मागे पडली. १९८० नंतर पॅरिसमध्ये फिलिप मेनाशे प्रभृतींनी तिला पुन्हा चालना दिली. प्रारंभी यासाठी उजवे अलिंद उघडावे लागे. अलिंदभित्तीतील लहान छिद्रातून, बोटाच्या अंदाजाने विवरात सरकविता येणारी नलिका आल्यावर पद्धतीचा प्रसार झाला.

या नलिकेच्या टोकाजवळ द्रव मागे फिरू न देणारा फुगा व दाब मोजण्याचा स्वतंत्र मार्ग असतो. विवराची भित्ती पातळ असल्याने दाब साधारणतः ४० मिमी. पाऱ्याच्या वर जाऊ देत नाहीत. हाताने फुगविलेला फुगा घट्ट बसतो, पण भित्ती फाटण्याची भीती राहते. द्रवाच्या दाबानेच फुगणारा फुगा सौम्य असला, तरी निसटतो व गळतो. त्याच्या पृष्ठावर पकडीसाठी खाचा ठेवतात. नलिका फार आत गेल्यास विवराच्या मुखाजवळ मिळणाऱ्या नीला वगळल्या जातात. उजव्या निलयाच्या काही नीला तर थेट अलिंदातच उघडतात. त्यामुळे त्या निलयाला या वाटेने द्रव अपुरा मिळतो व अनेक शल्यचिकित्सक दोन्ही वाटांचा उपयोग करतात.