चिमणरावांचे शेजारी

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेऊन. दशकाच्या अखेरीस पडद्यावर आले ते मात्र चिं. वि. जोशींचे चिमणराव. प्रभावळकरांचा अभिनय मोठाच. मीही पोटभर हसलो. पण या बिऱ्हाडाचे शेजारी कोण?

अमेरिकेत १९७१ सालच्या ‘ऑल इन द फॅमिली’ने वर्णद्वेष्ट्या आर्ची बंकरच्या शेजारी जेफरसन हे काळे कुटुंब आणून बसवले. द्वेष निदान उघड बोलला तरी गेला. १९७५ साली त्या कुटुंबाची स्वतंत्र मालिका निघाली. आपल्याकडे जात हा चिमणरावांच्या विनोदाचा विषयच नव्हता. पांढरपेशाला स्वतःची जात दिसत नाही.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळल्या. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात, १९८८ मध्ये, ‘वागळे की दुनिया’ आली. सामान्य माणूस म्हणजे कारकून वागळे!

शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कामगारांची पोरे माझ्या वर्गात बसतात. एकाने विचारले, “सर, वागळेच्या जागी कांबळे असता तर लोक हसले असते का?”

घरातला पहिला पदवीधर मी. त्याला उलट विचारले, “कशावर हसले असते?”