कानाला कळतं ते किती?



आज बोलणार आहे गाण्यांबद्दल. गाणी आपली कायमची सोबतीण. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे रंगवताना गाणी लागतात, रोह्याकडे पापड लाटताना लागतात. मागच्या महिन्यात आमच्या गटात एक विषय निघाला. एका ताईंच्या मुलाने सांगितलं, "आई, आता हाय-रेझोल्युशन गाणी मिळतात. महिन्याला थोडे जास्त पैसे, नवीन हेडफोन, आणि मग बघ आवाज." ताईंनी मला विचारलं, "खरंच फरक पडतो का गं? की नुसता खर्च?" हेडफोनसाठी त्या गटातून कर्ज काढायच्या विचारात होत्या. प्रश्न पैशाचा होता, म्हणून मी तो मनावर घेतला.

उत्तर शोधताना मला जुना इतिहास सापडला. "आमचा आवाज अगदी खऱ्यासारखा" हा दावा आजचा नाही, शंभर वर्षांहून जुना आहे.

नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गायसबर्ग नावाचा माणूस ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची, म्हणून तासभराचा राग तीन मिनिटांत बसवावा लागे. मुद्रण इथे व्हायचं, पण तबकड्या बनायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. 1908 मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला. या तबकड्या लाखेपासून बनत, आणि ती लाख आपल्याच देशातून जात असे. कर्ण्यात बारीक स्वर निसटत, जाडही निसटत, वर सुईची खरखर. तरीही लोक गर्दी करून ऐकत. ज्या गायिकांना घरंदाज बायका समोर बसून ऐकू शकत नव्हत्या, त्यांचा आवाज तबकडीतून थेट माजघरात आला.

त्याच काळात अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने एक गंमत केली. 1915 पासून गावोगावी कार्यक्रम लावले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. दिवे मालवायचे, आणि खरी गायिका कुठली, यंत्र कुठलं, हे लोकांनी ओळखायचं. पुष्कळांना ओळखता येत नसे. पण अ‍ॅना केस नावाच्या गायिकेने पुढे सांगितलं, की ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाइतकाच ठेवून गात असे. मोठ्याने गायली असती तर लगेच कळलं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

मग यंत्रं सुधारत गेली. 1925 च्या सुमारास मायक्रोफोनने मुद्रण सुरू झालं. 23 जुलै 1927 ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. 1948 मध्ये जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, 1963 मध्ये कॅसेट, 1982 मध्ये सीडी. यातल्या बहुतेक प्रत्येक पायरीला फरक खरोखर ऐकू आला. खरखर गेली, वेळ वाढला, आवाज स्वच्छ झाला.

सीडीत काय होतं ते समजून घेऊ. आवाज म्हणजे हवेची थरथर. सीडी ती थरथर एका सेकंदात 44,100 वेळा मोजून आकड्यांत लिहिते. इतक्या वेळा का? माणसाचा तरुण कान सेकंदाला साधारण 20 ते 20,000 कंपनांपर्यंतचे आवाज ऐकतो. वय वाढतं तशी वरची मर्यादा खाली येते. एखादं कंपन नीट पकडायला दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं, एवढं गणित आहे. म्हणजे कानाला लागतं ते सगळं सीडीत मावतं. हाय-रेझोल्युशनमध्ये सेकंदाला 96,000 किंवा 1,92,000 वेळा मोजतात आणि प्रत्येक आकडाही जास्त बारीक लिहितात.

आपल्या कीर्दीचं उदाहरण घ्या. आपण रुपये-पैसे लिहितो. उद्या कोणी पैशाचा शंभरावा भागही लिहायला लागलं, तर वही जाड होईल, शिल्लक तीच राहील. मात्र व्याज काढताना आपण मध्ये दोन-चार आकडे जास्त धरतो आणि शेवटी पूर्णांक करतो, म्हणजे हिशोब चुकत नाही. स्टुडिओत तेच करतात. मुद्रण आणि जुळवाजुळव करताना बारीक आकडे उपयोगी पडतात. तयार गाणं ऐकताना त्यांचा उपयोग फार थोडा.

हे नुसतं गणित नाही, लोकांनी करून पाहिलं आहे. 2007 मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी एक चाचणी छापली. हाय-रेझोल्युशन आवाज आणि तोच आवाज सीडीच्या मापात उतरवलेला, न सांगता ऐकवला. 554 वेळा विचारलं, बरोबर उत्तरं आली निम्मी. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. 2016 मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा 18 प्रयोगांचे निकाल एकत्र केले. बारा हजारांवर उत्तरांमध्ये बरोबर निघाली 52 टक्क्यांच्या थोडी वर. आधी शिकवून तयार केलेले कान साठ टक्क्यांच्या आसपास गेले. म्हणजे फरक अगदीच शून्य म्हणता येत नाही, पण तो इतका बारीक आहे की पापड लाटताना कळणार नाही.

आम्हीही गटात करून पाहिलं. त्याच मुलाने एका गाण्याच्या दोन प्रती आणल्या, एक हाय-रेझोल्युशन आणि एक नेहमीची चांगली, 320 केबीपीएसची. पहिल्या फेरीत सगळ्या म्हणाल्या, "ही पहिली भारी!" मग लक्षात आलं, पहिलीचा आवाज थोडा मोठा होता. अ‍ॅना केसची गोष्ट आठवली ना? मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. दोन्ही आवाज सारखे केले, नाणं उडवून क्रम ठरवला आणि प्रत्येकीला दहा वेळा विचारलं. कोणाची पाच बरोबर, कोणाची सहा, एकीची सात. नुसत्या अंदाजानेही एवढी येतातच. मग त्याने खूप आवळलेली, 48 केबीपीएसची प्रत लावली. ती सगळ्यांनी लगेच ओळखली. झांजा अगदी पाण्यात बुडाल्यासारख्या वाटत होत्या. म्हणजे खालच्या दर्जात फरक कळतो. एका पातळीनंतर कान थांबतो.

आता खर्च बघा. 320 केबीपीएसने तासाला साधारण 144 एमबी जातात. सर्वांत वरच्या हाय-रेझोल्युशनला, गुण न घालवता आवळूनही, तासाला दोन जीबीच्या आसपास लागू शकतात. रोजचा दीड जीबीचा पॅक तासभरही पुरायचा नाही. शिवाय साधा ब्लूटूथ हेडफोन तो आवाज पुन्हा आवळतो, म्हणजे दिलेले पैसे कानाच्या वाटेतच सांडतात. ताईंनी कर्ज काढलं नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर कानावर नीट बसणारा हेडफोन घ्या, म्हणजे आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंतच. त्याच्यावर गेलात की तास झपाट्याने कमी होतात.

पण मैत्रिणींनो, खरी गोष्ट पुढेच आहे. आपल्याकडे आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवले गाते. आमच्या गटातल्या एका आजींना असे कितीतरी धवले तोंडपाठ होते. दोन वर्षांपूर्वी मी त्यांचं गाणं फोनवर घेतलं. पंखा चालू होता, बाजूला मिक्सर. ते मेसेजवर सगळ्यांना पाठवलं आणि जागा भरली म्हणून मूळ फाइल पुसली. आजी गेल्या. आता उरली आहे ती आवळलेली प्रत. तिच्यात पंखा स्पष्ट ऐकू येतो आणि आजींचे शब्द मध्येमध्ये हरवतात. जगातला कुठलाही महाग हेडफोन ते शब्द परत आणू शकत नाही.

गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांचं साडेतीन मिनिटांचं गाणं 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलं. ते हाय-रेझोल्युशन नव्हतं. पण वेळेवर, नीट मुद्रित झालं होतं, म्हणून टिकलं.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. गावातल्या एका आजींकडे जा. पंखा आणि टीव्ही बंद करा, दार लोटा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर उशीवर ठेवा. आधी त्यांचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या, त्यांना विचारून घ्या, मग गाऊ द्या. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, एक गटाच्या मेमरी कार्डात. पुढच्या बैठकीत ती सगळ्याजणी मिळून ऐकू.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.